झाओ झियांग : १९५९ चा अधिकारी, १९८९ चा सरचिटणीस

चीनचं राजकारण शिकवताना झाओ झियांग यांच्याबद्दल दोन प्रश्न हमखास येतात, आणि तुम्ही ते दोन्ही एकदमच विचारलेत. एक, हा माणूस मुळातूनच लोकशाहीवादी होता, की १९८९ च्या तियानानमेन चौकातल्या विद्यार्थी आंदोलनानंतर बाहेरच्या जगानं त्याला तसं रंगवलं? दोन, जो चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस, म्हणजे कागदोपत्री देशातला पहिल्या क्रमांकाचा माणूस, तो महिन्याभरात नजरकैदेत कसा काय जातो?

पहिल्याचं उत्तर आधी देतो. मुळातून ते लोकशाहीवादी अजिबात नव्हते. वरून आलेला आदेश खाली राबवणारे, हुशार, मेहनती, वरिष्ठांच्या नजरेत भरणारे पक्षकार्यकर्ते होते. आणि तो आदेश राबवताना त्यांच्या हातून लोकांचं भयंकर नुकसानही झालं. म्हणूनच झाओ समजून घ्यायचे तर सुरुवात १९८९ पासून करू नये. ती १९५९ पासून करावी, चीनच्या मुख्य भूमीच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या लेइचौ द्वीपकल्पातल्या भाताच्या कोठारांपासून.

त्याआधीचं आयुष्य झटकन सांगतो. जन्म १७ ऑक्टोबर १९१९ चा, हनान प्रांतातल्या हुआ तालुक्यात, जमीनदाराच्या घरात. १९३२ मध्ये, म्हणजे पुरते तेरा वर्षांचेही नसताना, कम्युनिस्ट युवक संघटनेत आले. १९३८ मध्ये पक्षाचे सभासद झाले. जपानविरोधी युद्ध आणि नंतरचं यादवी युद्ध हा सगळा काळ त्यांनी हबेई, शानदोंग आणि हनान यांच्या सीमाभागात ग्रामीण संघटन करण्यात घालवला. १९५१ मध्ये त्यांना दक्षिणेला ग्वांगडोंगमध्ये पाठवलं. तिथले स्थानिक कार्यकर्ते जमीनदारांशी फार नरमाईनं वागतात अशी बीजिंगची तक्रार होती, म्हणून उत्तरेकडचे पोलादी कार्यकर्ते तिकडे धाडले जात होते. त्यांचे वरिष्ठ होते ताओ झू. पुढची पंधरा वर्षं झाओ त्यांच्याच छत्राखाली वाढले.

आता १९५९. आदल्या वर्षी माओंनी महाझेपेची, म्हणजे शेती आणि उद्योगांत झपाट्यानं मोठी उडी मारायची, हाक दिली होती. कम्यून, म्हणजे सामूहिक शेतीची केंद्रं, उभी राहिली, पिकाचे आकडे चढत्या भाजणीनं जाहीर होऊ लागले. गाव सांगे एक, तालुका त्याचे दोन करी, प्रांत तीन करी. सरकारी लेव्ही मात्र जाहीर झालेल्या आकड्यावर लागायची. वसुली सुरू झाली तेव्हा धान्य भरेना. मग धान्य गेलं कुठे? आकडेच खोटे आहेत असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. राहिला एकच खुलासा : शेतकऱ्यांनी आणि गावच्या पुढाऱ्यांनी धान्य दडवलंय.

झाओ तेव्हा ग्वांगडोंगच्या शेतीखात्याचे कारभारी होते. ते पथक घेऊन लेइचौ द्वीपकल्पातल्या लेइनान तालुक्यात गेले, गावोगावच्या कार्यकर्त्यांना बैठकांना बसवलं, त्यांच्याकडून कबुल्या घेतल्या, आणि जानेवारी १९५९ मध्ये अहवाल पाठवला की या एका तालुक्यात सात कोटी जिन, म्हणजे साडेतीन कोटी किलो, धान्य दडवलेलं सापडलं. कुठे कुठे लोकांनी पोटासाठी थोडंफार खरंच लपवलेलं होतं, पण कबुलीतला आकडा हा दबावाखालचा आकडा होता. फेब्रुवारीत माओंनी हा अहवाल वाचला, त्यावर शेरा मारला आणि तो देशभर फिरवला. माओंना हवं होतं तेच त्यात होतं : धान्य आहे, फक्त दडवलेलं आहे. 'दडवलेल्या धान्याविरुद्धची' मोहीम मग प्रांतोप्रांती पसरली. त्याच वर्षाच्या शेवटी झाओंच्याच जन्मप्रांतात, हनानच्या शिनयांग विभागात, या मोहिमेच्या नावाखाली घरांच्या झडत्या झाल्या, माणसं मारली गेली, आणि उपासमारीनं सुमारे दहा लाख माणसं दगावली. शिनयांगचा कारभार झाओंकडे नव्हता, तिथले अपराधी वेगळे. तरी ज्या मोहिमेला माओंनी राष्ट्रीय रूप दिलं तिला कागदाचा आधार पुरवणाऱ्यांत झाओ होते. झाओंवर प्रेमानं लिहिणारी मंडळी हे पान पटकन उलटतात. माझा त्याला विरोध आहे. हे पान गाळलं तर पुढचा माणूस कळतच नाही.

कारण पुढच्या दोन वर्षांत त्यांना खेड्यांत फिरावं लागलं आणि उपासमार डोळ्यांनी दिसली. १९६१-६२ पासूनचे झाओ वेगळे आहेत. खासगी परसजमिनी परत द्या, आठवडी बाजार पुन्हा भरू द्या, कामाची जबाबदारी छोट्या गटांकडे आणि कुटुंबांकडे सोपवा, असा सूर ते धरू लागले. माओंनी पुन्हा वर्गसंघर्षाचा धोशा लावला तेव्हा ते गप्पही बसले. बंडखोरी त्यांच्या स्वभावात नव्हती. पण शेतकरी खोटं बोलतो म्हणून धान्य कमी पडतं, हा खुलासा त्यांनी त्यानंतर कधी केला नाही.

१९६५ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीत, ते ग्वांगडोंगचे प्रथम सचिव, म्हणजे तिथल्या पक्षाचे प्रमुख, झाले. दोन वर्षांत माओंनी पक्षातल्याच लोकांविरुद्ध पेटवलेल्या सांस्कृतिक क्रांतीनं त्यांना खाली ओढलं. 'जमीनदार वर्गाचा घाणेरडा अवशेष' म्हणून त्यांची ग्वांगझौच्या रस्त्यांवरून कागदी टोपी घालून धिंड काढली गेली. मग हुनान प्रांतातल्या एका यंत्रकारखान्यात चार वर्षं फिटरचं काम. (हनान आणि हुनान हे वेगळे प्रांत आहेत, गल्लत करू नका.) १९७१ मध्ये अचानक बोलावणं आलं आणि त्यांना अंतर्गत मंगोलियात पाठवलं, पुढच्या वर्षी परत ग्वांगडोंगला, आणि १९७५ च्या अखेरीस सिचुआनला प्रथम सचिव म्हणून.

सिचुआनवर मी थोडा जास्त थांबतो, कारण झाओंचं खरं मोठेपण मला तिथे दिसतं. तेव्हा या प्रांताची लोकसंख्या दहा कोटींच्या घरात होती. एके काळी धान्याचं कोठार म्हणवणाऱ्या या प्रांतात महाझेपेच्या दुष्काळात देशात सर्वांत जास्त माणसं मेली. अभ्यासकांचे अंदाज ८० लाखांपासून एक कोटीपर्यंत आणि त्याहूनही पुढे जातात. झाओ आले तेव्हाही प्रांताला धान्य बाहेरून आणावं लागत होतं. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर वर्षातून भाताची दोन पिकं काढलीच पाहिजेत हा वरून लादलेला हट्ट सोडून दिला. कागदावर दोन पिकं म्हणजे दुप्पट भात. प्रत्यक्षात सिचुआनच्या हवेत दुसरं पीक थंडीत सापडायचं, रोपांना आणि खताला दुप्पट खर्च, माणसं थकून जायची, आणि गहू पेरायचा हंगाम हातचा जायचा. त्यांनी पुन्हा एक भात आणि एक गहू असा जुना फेरा चालू होऊ दिला. यात क्रांतिकारक काहीच नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होतं. पण ते मान्य करायला प्रांताचा सचिव आपला आकडा काही काळ कमी दिसण्याची जोखीम घ्यायला तयार असावा लागतो. १९५९ मध्ये त्यांनी आकडा वाचवला होता. सिचुआनमध्ये त्यांनी शेतकऱ्याचं ऐकलं.

मग परसजमिनीची मर्यादा कम्यूनच्या जमिनीच्या १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. ऑक्टोबर १९७८ मध्ये सहा सरकारी कारखान्यांना नफ्याचा काही भाग स्वतःकडे ठेवायची मुभा दिली. बीजिंगमधली ती सुप्रसिद्ध डिसेंबरची बैठक, जिथून सुधारणापर्व मोजलं जातं, ती व्हायची होती. १९८० मध्ये ग्वांगहान तालुक्यातल्या शियांगयांग कम्यूननं आपली कम्यूनची पाटी उतरवली आणि साध्या गावपंचायतीसारखी कचेरी सुरू केली. देशातलं हे पहिलं उदाहरण. तिकडे आनहुई प्रांतात वान ली असंच काम करत होते, आणि लोकांत एक यमक रूढ झालं होतं : भात हवा तर वान लींना गाठा, धान्य हवं तर झियांगना गाठा. एक खुलासा इथेच करतो. शेती कुटुंबांना वाटून द्यायच्या बाबतीत वान ली झाओंच्या पुढे होते. झाओ आधी म्हणत, गरीब डोंगराळ भागापुरतं ठीक आहे. पीक वाढताना दिसलं तसे ते पुढे सरकले.

सिचुआन हा डेंग झियाओपिंग यांचा, म्हणजे माओंनंतर देशाची खरी सत्ता ज्यांच्या हाती आली त्यांचा, जन्मप्रांत. गावाकडची हालहवाल त्यांच्या कानावर जात होती. डेंगना असाच माणूस हवा होता : भांडण न करता काम करून दाखवणारा. सप्टेंबर १९८० मध्ये हुआ ग्वोफेंग यांच्या जागी झाओ पंतप्रधान झाले. पक्षाची धुरा हू याओबांग यांच्याकडे, सरकारची झाओंकडे, आणि दोघांच्या डोक्यावर डेंग.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आपल्याला संसदीय पद्धतीची सवय असल्यामुळे आपण पदावरून सत्ता मोजतो. चिनी कम्युनिस्ट पक्षात तसं मोजलं की हिशेब चुकतो. तिथे तीन गोष्टी तपासाव्या लागतात. लष्करात तुमची माणसं कोण? तुमच्या मागे उभा असलेला ज्येष्ठ कोण? आणि तुमची स्वतःची, वर्षानुवर्षं बांधलेली माणसं मध्यवर्ती समितीत किती? झाओंचं पहिलं उत्तर 'जवळपास कुणीच नाही', दुसरं 'डेंग', तिसरं 'थोडी'. त्यांची कारकीर्द प्रांतांत गेली, बीजिंगमध्ये त्यांचं गोत नव्हतं. पाळंमुळं नसलेलं झाड उभं राहतं ते टेकूवर, आणि टेकू डेंगचा होता.

याचं लेखी प्रमाणही आहे. डिसेंबर १९८६ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर पक्षातल्या ज्येष्ठ नेत्यांनी हू याओबांग यांना पायउतार व्हायला लावलं. जानेवारी १९८७ च्या त्या बैठकीत झाओंनीही हूंवर टीका केली. मग तेच हंगामी सरचिटणीस झाले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १९८७ च्या तेराव्या पक्षपरिषदेनंतर कायम झाले. परिषदेनंतर लगेच झालेल्या मध्यवर्ती समितीच्या बैठकीत एक गुप्त ठराव झाला की महत्त्वाच्या बाबींत अखेरचा सल्ला डेंग यांचाच घेतला जाईल. डेंग तेव्हा स्थायी समितीचे, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च छोट्या गटाचे, सभासदही नव्हते, फक्त मध्यवर्ती लष्करी आयोगाचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्या दिवशी झाओ पहिल्या क्रमांकावर बसले त्याच दिवशी तो क्रमांक नावापुरता आहे असं पक्षानं लिहून ठेवलं.

तरीही त्या परिषदेतला झाओंचा अहवाल मला फार मोलाचा वाटतो. चीन अजून 'समाजवादाच्या प्राथमिक अवस्थेत' आहे, असं त्यात ठामपणे मांडलं. ही वैचारिक कसरत वाटेल, पण बाजार, खासगी उद्योग, भाडेपट्टे या सगळ्याला त्यामुळे पक्षाच्या चौकटीत जागा मिळाली. पक्ष आणि सरकार यांची कामं वेगळी करा, कारखान्यातून पक्षसचिवाची ढवळाढवळ कमी करा, नोकरशाहीत परीक्षेनं भरती करा, समाजाशी संवादाची व्यवस्था उभारा, हेही त्यात होतं. या राजकीय सुधारणांचा मसुदा त्यांचे सहकारी बाओ तोंग यांच्या कचेरीत तयार झाला. झाओ इथवर आले ते अर्थकारणाच्या वाटेनं. कारखान्याला स्वायत्तता दिली आणि पक्षसचिव तसाच मानगुटीवर बसलेला राहिला तर स्वायत्तता कुठली, हा त्यांचा रोजच्या कामातला अनुभव होता.

किनारपट्टीचं धोरणही त्याच काळातलं. कच्चा माल बाहेरून आणा, आपल्या स्वस्त मजुरीवर माल बनवा, बाहेरच विका. आज चीनला जगाचा कारखाना म्हणतात त्याची पायाभरणी यात आहे. त्यांच्या अपयशाबद्दलही बोललं पाहिजे. एकाच मालाला सरकारी भाव एक आणि बाजारभाव दुसरा, अशी दुहेरी व्यवस्था होती. सरकारी भावात माल उचलून बाजारात विकणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या पोरांनी बक्कळ पैसा केला. झाओंच्या मुलांवरही असे आरोप झाले. १९८८ च्या उन्हाळ्यात भाव एकदम मोकळे करायचा निर्णय जाहीर झाला. त्याला डेंगचा आग्रह होता आणि झाओंची संमती. लोक बँकांतून पैसे काढून साबणापासून शिवणयंत्रापर्यंत मिळेल ते विकत घेऊ लागले. वर्षाची महागाई १८ टक्क्यांवर गेली, निर्णय मागे घ्यावा लागला आणि अर्थकारणाचा लगाम झाओंच्या हातून पंतप्रधान ली पेंग आणि उपपंतप्रधान याओ यीलिन यांच्याकडे गेला. १९८९ उजाडलं तेव्हा सरचिटणीस आधीच कमकुवत झालेले होते. डिसेंबर १९८८ च्या राजीव गांधींच्या चीनभेटीची छायाचित्रं आपल्याकडे डेंग यांच्या लांबलेल्या हस्तांदोलनासाठी लक्षात राहिली. त्या वेळी पक्षाचे सरचिटणीस झाओ होते, पण निर्णायक हात कुणाचा, हे पाहुण्यांनाही ठाऊक होतं.

१५ एप्रिल १९८९ ला हू याओबांग वारले. विद्यार्थी श्रद्धांजलीसाठी तियानानमेन चौकात जमले आणि थांबले. २२ तारखेची अंत्यविधीची सभा आटोपून २३ ला झाओ ठरलेल्या उत्तर कोरिया दौऱ्यावर गेले. हा आठवडा निर्णायक ठरला. ली पेंग यांनी डेंगपुढे परिस्थिती मांडली, डेंग भडकले आणि २६ एप्रिलच्या 'पीपल्स डेली' या पक्षाच्या मुखपत्राच्या अग्रलेखात आंदोलनाला 'दंगलीचा कट' ठरवलं गेलं. झाओ ३० ला परतले. ४ मे रोजी आशियाई विकास बँकेच्या बैठकीत त्यांनी वेगळा सूर लावला : चीनमध्ये मोठी उलथापालथ होणार नाही, विद्यार्थ्यांचे प्रश्न लोकशाहीच्या आणि कायद्याच्या मार्गानं सोडवू. अग्रलेखाचा सूर बदला, एवढंच त्यांचं म्हणणं. पण अग्रलेख डेंगचा होता. १६ मे रोजी सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या भेटीत त्यांनी सांगून टाकलं की महत्त्वाच्या बाबतींत आम्ही अजूनही डेंग यांच्याकडेच जातो. झाओंच्या मते हा आदर होता. डेंगना वाटलं, याने सगळं आपल्यावर ढकललं.

१७ मे रोजी डेंग यांच्या घरी स्थायी समितीची बैठक झाली. लष्करी कायदा लावायचं ठरलं. झाओ आणि हू छीली विरोधात, ली पेंग आणि याओ यीलिन बाजूनं, छियाओ शी मधले. रीतसर मतदान झालंच नाही असं झाओ नंतर सांगत राहिले. विद्यार्थ्यांवर सैन्य घालणारा सरचिटणीस मी होणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि राजीनाम्याची तयारी केली.

१९ मे च्या पहाटे पाचच्या सुमारास ते चौकात गेले. १३ तारखेपासून उपोषणाला बसलेली पोरं बसगाड्यांत पडून होती. झाओंनी हातात कर्णा घेतला. आम्ही फार उशिरा आलो, असं म्हणाले. तुम्ही टीका करता ती रास्त आहे, पण उपोषण सोडा, तुम्ही तरुण आहात, पुढे खूप आयुष्य आहे, आम्ही म्हातारे झालो, आमचं काय. त्यांच्या मागे उभे होते पक्षकार्यालयाचे प्रमुख वेन जियाबाओ, जे २००३ मध्ये पंतप्रधान झाले. या प्रसंगानंतर झाओ जनतेला कधी दिसले नाहीत. २० मे रोजी लष्करी कायदा लागला, ३ आणि ४ जूनच्या रात्री रणगाडे शहरात शिरले.

१९५९ मध्ये या माणसापुढे उपाशी शेतकरी होते आणि पक्ष म्हणत होता, हे चोर आहेत. त्यानं ते मान्य केलं, कागदावर आणलं आणि बढती मिळवली. १९८९ मध्ये पुढ्यात उपाशी विद्यार्थी होते आणि पक्ष म्हणत होता, हे दंगलखोर आहेत. या वेळी त्यानं मान्य केलं नाही, आणि त्याची किंमत काय ते त्याला पुरेपूर माहीत होतं. झाओंबद्दल मला आदर वाटतो तो याच अंतरामुळे.

२३-२४ जूनच्या बैठकीत त्यांची सगळी पदं काढली. आरोप दोन : दंगलीला पाठिंबा आणि पक्षात फूट. बाओ तोंग यांना २८ मे रोजीच उचललं होतं, त्यांनी सात वर्षं तुरुंगात काढली. झाओंवर मात्र खटला नाही, आरोपपत्र नाही, न्यायालयाचा आदेश नाही. बीजिंगच्या फूछियांग गल्लीतल्या सहा नंबरच्या घरात त्यांना बंद केलं गेलं आणि पक्षाचं सभासदत्व मात्र मरेपर्यंत राहिलं. त्यांनी पक्षाची घटना आणि देशाची घटना दाखवून पत्रं लिहिली : मला कोणत्या कलमाखाली कोंडलंय? उत्तर येत नसे. १९९७ मध्ये पंधराव्या पक्षपरिषदेला पत्र लिहून त्यांनी ४ जूनच्या घटनेचं फेरमूल्यांकन मागितलं, तर निर्बंध आणखी आवळले गेले. एक जुने सहकारी चीगोंग (श्वसनाचा चिनी व्यायाम) शिकवायच्या निमित्तानं घरी येत आणि बोलणं टिपून ठेवत. सन २००० च्या आसपास झाओंनी स्वतःच घरातल्या लहान मुलांच्या गाण्यांच्या आणि ऑपेराच्या जुन्या कॅसेटवर आपल्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. सुमारे ३० कॅसेट गुपचूप बाहेर गेल्या आणि २००९ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. १७ जानेवारी २००५ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, ते वारले. अस्थी पुरायला जागेची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडलं.

संसदीय लोकशाहीशिवाय चीनला दुसरी चांगली वाट नाही, हे मत त्या कॅसेटमध्ये आहे. म्हणजे ते नजरकैदेतल्या वर्षांचं मत आहे, सत्तेतल्या झाओंचं नव्हे. म्हणून 'ते राहिले असते तर चीन लोकशाही झाला असता' असं कुणी म्हटलं तर मी सहमत होत नाही. डेंग आणि ज्येष्ठ हयात असताना ते शक्य नव्हतं, आणि बहुपक्षीय निवडणूक त्यांच्या १९८७ च्या आराखड्यातही नव्हती. वर्तमानपत्रांना थोडी मोकळीक, न्यायालयांना थोडी जागा, कामगार आणि विद्यार्थी संघटनांशी बोलणी, इतपत नक्की झालं असतं असं मला वाटतं. एकपक्षीय राजवटीत जगणाऱ्या माणसासाठी इतपतही खूप असतं.

अभ्यास पुढे न्यायचा असेल तर क्रम असा ठेवा : आधी १९८७ चा पक्षपरिषदेचा अहवाल, मग ४ मे १९८९ चं भाषण, आणि शेवटी त्या कॅसेटमधल्या आठवणी. लोक आठवणींपासून सुरुवात करतात आणि मग नजरकैदेतला झाओ त्यांना १९८० च्या पंतप्रधानातही दिसू लागतो. त्या आठवणींचा भर १९८० च्या दशकावर आहे. लेइनानसाठी दुष्काळावरच्या अभ्यासकांचं लिखाणच धुंडाळावं लागेल.